एका ‘व’साठी

माझी आत्या नगरपालिकेच्या कचेरीच्या फाटकाबाहेर टाइपरायटर घेऊन बसते, त्याला एकतीस वर्षं झाली. लोक आपलं गाऱ्हाणं सांगतात, ती त्याचा अर्ज टाइप करते. मी पेपरात लेख लिहिते, तर मला म्हणते, “तुझ्या लेखांनी कधी एक खुर्ची तरी हलली का गं?” मला राग येतो, कारण हललेली नाही.

एका सकाळी गटार साफ करणाऱ्या कामगाराची बायको आली. नवरा आठवड्यापूर्वी गटारातच गुदमरून मेला होता. कचेरीने तिच्या हातात तयार कागद दिला होता: ‘माझे पती स्वतःहून गटारात उतरले.’ सही तेवढी हवी होती.

“त्यांच्या जागी आता दिराला लावलंय,” ती म्हणाली. “उद्या त्याचंही असंच लिहितील.”

आत्याने कागद टराटरा फाडला. “उतरले म्हणे! झाकण कुणी उघडलं? कमरेला दोर कुणी बांधला?”

“मुकादमाने.”

आत्याने टाइप केलं: ‘माझ्या पतींना गटारात उतरवले.’

कचेरीतल्या साहेबांनी ‘उतरवले’मधल्या ‘व’वर लाल काट मारून अर्ज परत पाठवला. “पतींना उतरले! हे कुठलं व्याकरण?” म्हणत आत्याने तो पुन्हा टाइप केला. पुन्हा काट. चौथ्या खेपेला ती स्वतःच आत गेली, मागोमाग मी.

“बाई, एका अक्षराने माणूस परत येणार आहे का?” साहेबांनी विचारलं.

“नाही ना? मग राहू द्या की ते.”

त्यांनी राहू दिलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना माणूस मेल्याचं काही वाटलं नव्हतं, ते एका अक्षराला घाबरत होते.

त्या दुपारी आत्याने एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. नुसत्या चिठ्ठ्या टाइप केल्या: ‘या माणसाला आज मी गटारात उतरवले.’ खाली मुकादमाच्या सहीला जागा. गठ्ठा त्या बाईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी उघड्या झाकणापाशी माझ्यादेखत तिच्या दिराने मुकादमापुढे चिठ्ठी धरली. “आधी सही करा.”

मुकादमाने ती दोनदा वाचली. “असलं लिहून द्यायचं नसतं.”

“मग उतरवायचंही नसतं.”

मागे उभ्या असलेल्या पाचही कामगारांनी चिठ्ठ्या काढल्या. त्या दिवशी खाली कुणी गेलं नाही.

मी धावत आत्याकडे गेले. “आत्या, हललं!”

तिने मान वर केली नाही. “मुकादम आत्ताच इथून मजुरांच्या नाक्यावर दुसरी माणसं आणायला गेलाय,” म्हणाली आणि माझ्या हातात नव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कोंबला. “पळ. वाचता येत नसेल त्यांना, तर वाचून दाखव.”