कापडाखालचं बोट

मास्तर कोट शिवायचे, आणि कोटापेक्षा स्वतःची तारीफ जास्त करायचे. एकदा कात्री निसटली ती थेट डाव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसली. जखम भरली, पण बोट बधिर झालं. डावंच तर बोट, त्याचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. अहो, कापडाखालून सुईचं टोक चाचपतं ते हेच बोट! ते गेलं की हातशिलाई संपली. तरी मास्तरांनी हट्टाने सुई धरली आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला स्वतःचं बोट शिवून टाकलं. बायकोने हाक मारली म्हणून उठले, तर कोटही सोबत निघाला.

तेव्हा कुठे स्वारी डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी समजावलं, की तुटलेल्या नसेची टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. घोट्यामागच्या नसेचा तुकडा मध्ये जोडायचा आणि जोडावर एक बारीक नळी चढवायची. नस जुळली की नळी आपोआप विरघळते. पायाची कड मात्र थोडी बधिर राहील. मास्तर खूश झाले. म्हणजे हे कच्चे टाकेच की, वर उसवायची कटकट नाही! कोट काही पायाने शिवायचा नव्हता, म्हणून त्यांनी लगेच होकार दिला.

ऑपरेशन झालं. तोवर कोटांची काजं, म्हणजे बटणांची भोकं हाताने शिवायचं काम, बायको बाहेरून करून आणते म्हणायची. नस मुंगीच्या पावलाने वाढते, बोटाला पुन्हा शिकवावं लागतं, असं बाईंनी बजावलं होतं. म्हणून दुकान बंद केल्यावर बायको मास्तरांचे डोळे बांधायची आणि बोटाखाली चिंध्या सरकवायची. मास्तर धडाधड ओळखायचे. रेशीम, लोकर, अस्तर! शेजारीपाजारी थक्क. बायकोला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. नीट पाहिल्यावर कळलं, गडी कापडाच्या सळसळीवरून ओळखत होता. तिने त्यांच्या कानांत कापूस कोंबला, आणि त्या दिवसापासून रेशमाची लोकर व्हायला लागली. मास्तर वरवर हसायचे, पण आतून पार खचले होते. बोट परत आलं नाही तर आपण शिंपी कसले, ही धास्ती त्यांना झोपू देत नव्हती.

असेच बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी बायकोने वैतागून चिंधीऐवजी आपलं बोटच पुढे केलं. मास्तर त्यावरून बोट फिरवत राहिले. फिरवता फिरवता थांबले, पुन्हा मागे आले.

"हे कापड नाही," ते म्हणाले. "तुझं बोट आहे. सुईने चाळणी झालीय गं त्याची. काज बाहेरून करून आणते म्हणायचीस ना?"

बायकोला हसू आलं आणि रडूही आलं. कानांत कापूस असल्याने मास्तरांना त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्यांनी तिचं बोट घट्ट धरून ठेवलं.

"उद्यापासून काज मी करणार," ते म्हणाले.