भोंग्याचं उनो-दोस-त्रेस

भाजी मार्केटात लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत, ते काही उगीच नाही. सकाळी त्याने पहिलं 'एक वार' म्हटलं की पलीकडच्या गल्लीतली माणसं घड्याळ लावत. लग्न झालं तेव्हा बायकोला वाटलं होतं, नवऱ्याला कमी ऐकू येतं. मग कळलं, आवाजच तसा. या घरात गुपित म्हणून काही टिकायचं नाही. शेजाऱ्यांची मात्र सोय झाली.

आणि एक दिवस अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, जीभ काही येईना. शब्द लोळागोळा होऊन बाहेर पडत. पहिल्यांदा त्याने पाणी मागितलं, तेव्हा भेटायला आलेल्या साडूला हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून भोंग्याने तोंडाला कुलूप घातलं. पाणी हवं तर पेल्यावर टिचकी, बायको हवी तर पलंगाच्या दांडीवर चमचा.

बायको शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायची. दिवसभर मान खाली, आणि घरी आलं की चमचा. वाचेचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं, जीभ आत्ता चालवली नाही तर कायमची जड होईल. आणि हे भिंतीकडेच तोंड करून पडणार असतील तर मी येऊन तरी काय करू? बायकोने समजावलं, रागावून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. भिंत जिंकली.

एक गोष्ट मात्र तिला पक्की कळली होती. मराठीत त्याची अब्रू जात होती. तेव्हा जिथे मुळात अब्रूच नाही, अशी भाषा हवी. परदेशी नोकरीला गेलेली तिची भाची जाताना तिच्या फोनवर स्पॅनिशचे धडे तसेच ठेवून गेली होती. एका संध्याकाळी हातपाय धुऊन बायको पलंगाशेजारी बसली आणि सुरू झाली. ओला म्हणजे नमस्कार. लिहिताना पुढे ह लावायचा, म्हणायचा मात्र नाही.

"अहो, हा ह बघा, माझ्यासारखाच. हजर असतो, पण कोणी हिशेबात धरत नाही."



आग्वा म्हणजे पाणी. सदऱ्याला कामिसा, बटणाला बोतोन. म्हणजे कारखाना इथेही पाठ सोडेना. गाडी खरी अडली कुत्र्यापाशी. पेर्रो. त्यातला र जिभेच्या टोकावर घुमवायचा, आणि तिची जीभ संध्याकाळपर्यंत तिच्याआधीच आडवी झालेली. उच्चार चुकला की फोन टुंग करून नापास करी. जिन्यावर बातमी फिरली, बाई रोज दिवेलागणीला गुरगुरते, डोक्यावर परिणाम झालाय.

असे बरेच दिवस गेले. एकदा ती पेर्रो चघळत बसली असताना भिंत बोलली.

"चूक."

शब्द वाकडा होता, अर्धा तर नुसती हवाच, पण शब्द होता. तिने मान वळवली नाही. रोजच ऐकते असं दाखवत म्हणाली, "मग तुम्ही म्हणून दाखवा. लिलावात मोठे र ताणायचात."

तो कुशीवर वळला. म्हणायला गेला आणि लाळ गळली. फोनने त्यालाही नापास केलं. कमी बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघावं तसं त्याने फोनकडे बघितलं आणि पुन्हा तोंड उघडलं. तिला हसू फुटलं. त्याला राग आला नाही. नापास दोघंही होते.

वाचेच्या बाई पुढच्या वेळी आल्या, तेव्हा भोंग्याने एक वार, दोन वार, तीन वारच्या जागी उनो, दोस, त्रेस करून त्यांना घरातली उशी विकली. बाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, चालेल, जीभ हलतेय ना? पण आता रोज हवं, खंड नको.

बायको 'हो' म्हणाली. जिंकल्याचं बक्षीस म्हणजे पदरी आणखी एक काम. आता भोंगा वाटच बघत बसे. तिने चप्पल काढायचा अवकाश, चमचा वाजे. धडा.

त्या संध्याकाळी 'बोतोन' म्हणता म्हणताच तिचं डोकं पलंगाच्या कडेला टेकलं. डोळे मिटूनच ती चमच्याची वाट बघत राहिली. चमचा वाजला नाही.

"झोप," तो म्हणाला.

मग त्याने तिच्या हातातून फोन अलगद काढून घेतला आणि जन्मात कधी हळू न बोललेला तो माणूस पुटपुटला, पेर्रो. टुंग. जरा थांबून, त्याहून हळू, पुन्हा.