समोरच्या घरातलं परदेश

खरातबाई कुठलीही गोष्ट आधी करून पाहिल्याशिवाय करत नसत. प्राथमिक शाळेत शिकवत होत्या तेव्हा स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या मुलांना रांगेनं केंद्रापर्यंत चालवत नेत आणि परत आणत. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या महिनाभर आधी त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना लग्नाच्याच आचाऱ्याच्या हातचं जेवायला घातलं. आम्ही पोटभर जेवलो आणि वर भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. त्यासाठीच तर बोलावलं होतं. "तालीम केली की भ्या मरतं," असं त्या म्हणत.

फक्त एका गोष्टीचं कारण मला कधी कळलं नाही. दर उन्हाळ्यात त्या आठ दिवस बहिणीकडे कुंभार पिंपळगावला जात. लग्नकार्य नाही, आजारपण नाही. विचारलं तर म्हणत, "सहज." त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणते, तेवढे दिवस स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकरी खात.

परतूरला आमची घरं समोरासमोर. मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. शेहेचाळिसाव्या वर्षी मला एका परदेशी विद्यापीठाचं बोलावणं आलं. पाच महिने तिथं कोरडवाहू पिकांच्या बियाण्यावर काम करायचं, थोडं शिकवायचं आणि बदल्यात तिथले एक प्राध्यापक आमच्याकडे येणार. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. मी नकार लिहून ठेवला होता, फक्त पाठवला नव्हता. घरात नवरा, बारावीतली मुलगी आणि गुडघ्यांनी जेरीला आलेल्या सासूबाई. माझ्यावाचून हे घर दोन दिवससुद्धा चालणार नाही, याबद्दल मला शंका नव्हती.

बाईंना तसं सांगितलं.

"चालवून पाह्यलं का?"

"न चालवताही कळतं, बाई."

"मंग प्रयोगशाळेत पोरांचा वेळ कशाला घालवती? तोंडीच सांगत जाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालीम ठरवूनच टाकली. आठ दिवस मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायचं, परदेशी न्यायची बॅग भरून. कॉलेजला जायचं, पण समोरच्या घरात पाऊल टाकायचं नाही. स्वयंपाक माझा मी करायचा. घरच्यांशी बोलणं संध्याकाळी एकदा, तेही फोनवर. नवरा म्हणाला, "बरं झालं, व्हिसा लागत नाही."

बॅग आम्ही भुसार दुकानाच्या तोलकाट्यावर टाकली. तेवीस किलोची परवानगी होती, भरली एकतीस. हमालानं विचारलं, "मॅडम, सोयाबीन हाय का?" आठ दिवसांनी हिशेब केला, तर नऊपैकी दोनच साड्यांची घडी मोडली होती आणि दूध तापवायला भांडं मात्र बॅगेत नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर केस विंचरत होते. समोर आमच्या स्वयंपाकघरात कुकरची चौथी शिट्टी झाली, मग पाचवी. मी कठड्यावरून ओरडले, "अहो, गॅस बंद करा!"

खालून बाईंचा आवाज आला, "समुद्रापलीकडून हाक जात न्हाई. खाली ये."

चौथ्या दिवशी नवरा बाईंच्या दारात. हळद सापडत नव्हती.

"मॅडम परदेशात हैत. संध्याकाळी फोन लावा."

"अहो, ती काय तुमच्या मागं उभी आहे!"

"दिसून राह्यली, तरी परदेशातच हाय."

त्या दिवशी आमच्या घरी पांढरं वरण झालं. कोणी मेलं नाही.

सहाव्या दिवशी घरचा फोन मिनिटभरात आटोपला. सातव्या दिवशी आलाच नाही. मीच लावला, तर मुलगी म्हणाली, "आई, नंतर करू का? आजीचा डाव चाललाय, ती हरायला लागली की पत्ते टाकून देते." खरं सांगायचं तर मला राग आला. इतकी वर्षं राबून मला सात दिवसांत विसरले. मी फोन ठेवला तेव्हा बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "बराबर. आता झाली तालीम."

"त्यांची?"

"तुझी. त्यांची तर चौथ्या दिवशीच झाल्ती."

नवव्या दिवशी घरी गेले. घर जागेवर होतं, सामान नव्हतं. मीठ, साखर, चहाचे डबे वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आले होते. मी पदर खोचून ते परत वर लावायला लागले. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "राहू दे की तिथंच. मला हात पुरतो." वीस वर्षं त्या चहासाठी माझी वाट पाहत होत्या, कारण डबा माझ्या उंचीवर होता. मी डबे पुन्हा खाली ठेवले आणि संध्याकाळी होकार कळवला.

परदेशाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते इथं नको. दुधाचं भांडं फार उपयोगी पडलं.

मी परत आले त्याच्या दुसऱ्या वर्षी, थंडीत, खरातबाई दोन दिवसांच्या तापानं गेल्या. त्यांच्या मुली सासरी परतल्यावर मी एक दिवस भाऊंकडे डोकावले. एकटा माणूस, चहा तरी करून द्यावा, या विचारानं सरळ स्वयंपाकघराकडे वळले.

"बसा मॅडम," भाऊ म्हणाले. "मला जमतं."

त्यांनी न शोधता साखरेचा डबा काढला, आलं ठेचलं, कप विसळले. आठ-आठ दिवस करत किती उन्हाळे त्या बहिणीकडे गेल्या, ते मी मनात मोजायला लागले, आणि 'सहज'चं कारण मला तेव्हा कळलं. इतक्यात शेगडीवरचं दूध फसफसत काठाला आलं. हाक माझ्या ओठांवर आली होती, ती मी गिळली.

भाऊंनी गॅस बारीक केला.