तसल्यांची गाडी

आरमोरीच्या नाक्यावर एक भाऊ गाड्यांचं पंक्चर काढतात. माणूस भारी बोलका. हात ट्यूबवर, तोंड गिऱ्हाइकाशी, आणि दर वाक्याला "बरोबर हाय ना?" विचारणार. त्यांच्याकडून हसल्याशिवाय कोणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी दोन मासेमार मोटरसायकल ढकलत आले. दोघं जोडप्यासारखे एकत्र राहतात, हे गावाला माहीत आहे. भाऊ बाजूला थुंकले. "पुढं जा. इथी नाई होत."

ते दोघं उन्हात गाडी ढकलत निघाले.

"काऊन जी, भाऊ?" मी विचारलं.

भाऊ ट्यूब घासू लागले. "माहा मोठा भाऊ तसाच होता. त्यानंच मले पोहाले शिकवलं. बापानं त्याले हाकलून देल्लं. मी लहान होतो, लय रडलो. तं बाप म्हणे, 'तू बी तसाच हायेस का?' मंग मी डोळे पुसले अन् बापासंगं दारात जाऊन थुंकलो."

"वडील तं कधीचेच गेले ना जी."

"गेले ना."

ते उठून रस्त्यापर्यंत गेले. त्या दोघांना हाक मारायला त्यांनी हात वर केला. तेवढ्यात एक ओळखीचा ट्रॅक्टरवाला थांबला. भाऊंनी हात खाली घेतला आणि ते त्याच्याशी हसून बोलायला लागले.