नाखवांचा काळा अंगठा

नाखवांचा उजवा अंगठा काळा होता. उन्हाने रापून तसे ते सगळेच काळे होते, पण हा अंगठा डांबरात बुडवून काढल्यासारखा. कुठल्याही गोष्टीचा निकाल लावायचा झाला की ते अंगठा दाबून बघत. कलिंगड, पाव, लेकीला बघायला आलेल्या मुलाचा दंड. "जीभ खोटा बोलते, अंगठा नाय," असं म्हणत. पहिल्या भेटीत त्यांनी माझाही दंड दाबला आणि आत बायकोला हाक दिली, "कच्चा हाय गो. जेवाला वाढ."

तेव्हा, ऐंशीच्या दशकात, मी डोंबिवलीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होतो. आम्ही होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचं सीलंट बनवायचो. दोन डबे असायचे. मोठ्यात काळी लापशी, छोट्यात ती घट्ट करणारं हार्डनर. दोन्ही कालवून भरलं की चार दिवसांत रबर व्हायचं. नाखवांनी त्यांची नावं नवरी आणि नवरा अशी ठेवली होती. "बारका नवरा नीट मिसळला नाय त संसार पातळ," हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसायची सोय नव्हती.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात बाकीचे सगळे फटीत कापूस ठासून वर राळ आणि तेल लावणारे. नाखवांनी एकट्याने डब्यातलं औषध आणलं आणि चारचौघांत सांगून टाकलं की नारळी पुनवेला त्यांची होडी पहिली पाण्यात जाईल, आणि आत थेंब आला तर मिशी उतरवतील. मिशी म्हणजे काय मिशी होती, दोन्ही बाजूंना एकेक लिंबू तोलून धरेल अशी. आणि महिना झाला तरी सीलंट गुळाच्या पाकासारखं ओलं. येणारे-जाणारे आधी मिशीकडे बघत, मग होडीकडे.

आमचे टेक्निकलचे साहेब पाय मोडून घरी होते. मॅनेजर मला म्हणाले, "तू सायन्सवाला ना? जाऊन बघ."

पहिल्याच दिवशी, झावळ्यांच्या मांडवात, मला छोटे डबे दिसले आणि लगेच ओळखू आले. तो माल दोन पावसाळे गोदामात पडून मेलेला होता. ताजा माल मागच्या फळीवर होता. शिडी लावायचा कंटाळा म्हणून मीच हाताशी आला तो पाठवला होता. नवे छोटे डबे आणून द्यायचे, ओलं खरवडायचं, पुन्हा भरायचं, आठवड्याचं काम. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताट आलं.

आमचं नौपाड्यातलं घर शाकाहारी. कांदासुद्धा आमच्याकडे चोरासारखा यायचा. आणि समोर खाडीतल्या चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, लालभडक कालवण. नाखवीणकाकू म्हणाल्या, "बामनाच्या पोरा, चालंल का रं तुना?" मी म्हणालो, "नाही हो." मग तीन वेळा भात घेतला. हात धुताना नाखवांनी विचारलं, "काय वाटतं सायेब? कशानं सुकत नाय?" मी ढेकर दाबत म्हणालो, "तपास करावा लागेल. पुढच्या बुधवारी येतो."

असे चार बुधवार गेले. पहिल्यांदा मी दमट हवेवर ठपका ठेवला. नाखवांनी होडीखाली शेगड्या पेटवल्या. सीलंट काही सुकलं नाही, पण आळीतल्या कोंबड्या उबेला येऊन बसल्या आणि दोघींनी अंडी घातली. दुसऱ्या बुधवारी मी म्हणालो, हाताला तेल असेल. त्या दिवसापासून तळण झालं की काकूंना होडीपासून दहा पावलं लांब उभं करत. "लगीन माझ्याशी केलास का होडीशी?" त्या विचारायच्या. नाखवा म्हणायचे, "होडी उलट बोलत नाय." त्या बुधवारी ताटात निवट्या होत्या, खाडीच्या चिखलातले मासे. तिसऱ्या बुधवारी मी लाकडाला दोष दिला आणि सुक्या बोंबलांची चटणी खाल्ली. घरी आई विचारायची, शर्टाला कसला रे वास? मी सांगायचो, सीलंटचा. त्याला सडक्या अंड्यांचा वास यायचाच, त्यामुळे मी सहीसलामत सुटत होतो.

मी टोलवाटोलवी करत होतो आणि नाखवा खरोखर तपास करत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. घरातल्या सगळ्या बशा त्यांनी घेतल्या आणि प्रत्येकीत वेगळं मिश्रण. एक उन्हात, एक चुलीजवळ, एकीत नवरा दुप्पट. रोज सकाळी रांगेने अंगठा दाबत जायचे. "कच्चा. कच्चा. कच्चा." काकू चहा नुसत्या कपातून द्यायच्या आणि कप ठेवायला जागा शोधत पाहुणे उभे राहायचे.

चौथ्या बुधवारी ते मला रस्त्यावरच भेटले, नाचतच. हेच औषध वापरणाऱ्या उत्तनच्या मेव्हण्याकडून छोटा डबा मागवून एका बशीत कालवला होता. अंगठा उमटला नव्हता. "सायेब, सापडला. नवरीत खोट नाय. नवरा मेलेला हाय."

मी म्हणालो, "मलाही तीच शंका होती."

या वाक्यासाठी देवाने मला तिथेच खाडीत ढकलायला हवं होतं. नाखवांनी मिठी मारली. नवे डबे मी दुसऱ्या दिवशी पोचवले. अख्ख्या कोळीवाड्याने मिळून फटी खरवडल्या, भरल्या, आणि नारळी पुनवेला होडी पहिली पाण्यात गेली. नाखवा तळाशी पालथे पडून थेंब शोधत होते. थेंब नव्हता. मिशी वाचली. सगळ्यांना ते सांगत होते, "सायेबानी शोधला."

त्यावर कडी म्हणजे त्यांनी शेजाऱ्याकडून कंपनीला पत्र लिहून घेतलं. तुमच्या सायेबाने मेहनत घेऊन दोष शोधला, वगैरे. खाली सहीच्या जागी तो अंगठा. त्या पत्रावर मॅनेजरनी मला डिस्पॅचमधून काढून टेक्निकलला घेतलं. पुढे मी जो काही झालो तो त्या अंगठ्यावर झालो. अंगठा खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला मी खोटं बोलायला लावलं. पुढची दहा-बारा वर्षं नारळी पुनवेला मी जात राहिलो, दर वेळी सांगायचं ठरवून. दर वेळी ताट यायचं.

नाखवा गेले तेव्हा मी कामासाठी परगावी होतो. महिन्याभराने गेलो. काकू ओट्यावर कोळंबी सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शिडी, डबे, चार बुधवार, पत्र. त्यांचे हात थांबले नाहीत. मी विचारलं, "त्यांना कधी कळलं होतं का?"

"कळला असता त तुना उपाशीच धाडला असता," त्या म्हणाल्या. मग सालं बाजूला टाकली. "महिनाभर ते मिशी झाकून फिरले रं. टावेल गुंडालून. तुना जेवाचाच व्हता, त सांगाचा ना. कालवनासाठी कोन होडी अडवतं?"

त्या उठल्या, हात पदराला पुसले आणि माझा दंड अंगठ्याने दाबला, नाखवा दाबत तसाच, जोर लावून.

"थोडा घट्ट झालाय," त्या म्हणाल्या. "बस. वाढते."