आईच्या खोलीचं मॅपिंग

आमचा दादा काय काम करतो, हे आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "दारं बसवतो," असं ती सगळ्यांना सांगायची. एकदा तर शेजारच्या काकू न्हाणीघराचं दार फुगलंय म्हणून त्याला बोलवायला आल्या. तशी आई फार चुकत नव्हती. दादा राउटर लावतो. घरातल्या यंत्रांचे पत्ते बाहेरच्यांना दिसत नाहीत. म्हणून बाहेरून अमुक दाराशी कोणी आलं, तर त्याला आत तमुक पत्त्यावर पाठव, असं राउटरला सांगून ठेवावं लागतं. त्याला मॅपिंग म्हणतात.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा दादाने तिच्या खोलीत कॅमेरा लावून त्याचं मॅपिंग केलं. दुपारी तो ऑफिसातून तिला बघायचा आणि ती कॅमेऱ्याकडे तोंड करून एकच विचारायची, "जेवलास का रे?" दिवसभर तिचं सगळं मी करायचे, पण मला तिने हे कधी विचारलं नाही. राग यायचा मला. अजून येतो.

आई गेली. कॅमेरा मीच काढून कपाटात ठेवला. दादाने मात्र दुपारचं जेवण सोडलं. शर्ट अंगावर नुसते लोंबायला लागले. मी डबा द्यायचे, तो तसाच भरलेला परत यायचा. जेवायच्या सुट्टीत हा घरच्या राउटरचं पान उघडून त्या मॅपिंगकडे बघत बसायचा.

"काढून टाक ते," सुट्टीच्या दिवशी मी त्याला म्हटलं.

"वापर चालू आहे तोवर मॅपिंग काढायचं नाही, हा माझा नियम आहे."

"कोण वापरतंय? कॅमेरा कपाटात पडलाय!"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. त्याच्या कुलूपबंद ऑफिसातून विचारणा येत होती.

"तिथला कॉम्प्युटर चालू राहिला असेल," मी म्हटलं.

"असेल. पण इथून उत्तर कोण देतंय?"

कॅमेऱ्याला दिलेल्या, म्हणजे आईच्याच पत्त्यावरून उत्तरं जात होती. तो पत्ता दुसऱ्या कशालाच दिलेला नव्हता. मी तिच्या खोलीत जाऊन आले. गादी गुंडाळलेली, भिंतीवर नुसती वायर.

"काढ आधी!" मी ओरडले. "नाहीतर तूही जाशील तिच्यामागे."

त्याने काढलं. मग लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच ऑफिसात गेले. त्याने पान उघडलं. मॅपिंग गेलं होतं. पण खाली चालू जोडण्यांच्या यादीत एक नवी ओळ होती, आईच्या पत्त्यावरून निघून थेट या ऑफिसकडे येणारी.

"बाहेरून आत यायला मॅपिंग लागतं," दादा पुटपुटला. "आतून बाहेर यायला लागत नाही."

मग तो पडद्याकडे बघून म्हणाला, "जेवलो गं आई."

ओळ हलली नाही.

"तिच्याशी खोटं बोलतोस?" मी म्हटलं आणि डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. तो जेवला. शेवटचा घास गिळला आणि ओळ गेली.

घरी येऊन डबा घासताना लक्षात आलं, सकाळपासून मीही काही खाल्लं नव्हतं. हात पुसून मी दादाचा घरचा लॅपटॉप उघडला, तेच पान काढलं. बराच वेळ बसले. माझ्यासाठी एकही ओळ आली नाही.