जास्तीचं पान

धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला आणि त्याला माझ्या मूळ पेशी जुळल्या. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "आधी त्याच्या सगळ्या अंगाला किरणं द्यायची. हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशी किरणांनी लवकर मरतात, चांगल्याही आणि रोगटही. मग त्या रिकाम्या जागेत तुमच्या पेशी रुजतील."

त्या रुजल्या. भाऊ गावी मसुऱ्याला परतला, पुन्हा काजूच्या बागेत जाऊ लागला. काही महिन्यांनी तपासणीत त्याचा रक्तगट बदललेला निघाला, अगदी माझा झालेला. मी हसले. घरी आल्यावर त्याने हळूच विचारलं, "गो ताई, माजा रगत खंय गेला?"

"ता मेला रे. म्हणानच तू जिवंत आसस."

पितृपक्षात आईने परसात कावळ्यांसाठी पानं वाढली, तेव्हा त्याने एक जास्तीचं पान मागून घेतलं. कोणासाठी, ते आईने विचारलं नाही. कावळे बाकीच्या पानांवर तुटून पडले, पण त्याच्या पानाला शिवले नाहीत. तो उन्हात तिथेच बसून राहिला. मीही त्याच्याजवळ जाऊन बसले.